दिलेलें घर आणि केलेलें घर

गरिबांना राहावयास चांगलीं घरें मिळालीं पाहिजेत, या म्हणण्याला उघडपणें विरोध करणारा मनुष्य आज शोधूनहि सांपडणार नाहीं. सरकार तें म्हणतें, विरोधी पक्ष तें म्हणतो, आणि बिल्डरांच्या जाहिराती तर तें सर्वांत मोठ्यानें म्हणतात. ज्या गोष्टीवर इतक्या निरनिराळ्या हितसंबंधांच्या लोकांचें एकमत होतें ती एकदां नीट तपासून पाहावी असें आम्हांस वाटतें. कारण अशा एकमताच्या पोटांत बहुधा एखादा प्रश्न विचारावयाचाच राहून गेलेला असतो. येथें राहून गेलेला प्रश्न असा : गरिबाचें घर कसें असावें, कोठें असावें, आणि त्यांत आधीं काय व मागून काय व्हावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा? देणाऱ्याचा कीं राहणाऱ्याचा? वरवर पाहतां हा कारभाराचा तपशील दिसतो. आमच्या मतें तो नीतीचा प्रश्न आहे, आणि मुंबईनें गेल्या सव्वाशे वर्षांत तो टाळण्याचे इतके प्रकार करून पाहिले आहेत कीं विचारासाठीं दुसरें शहर शोधण्याचें कारण नाहीं.

ज्याच्या गांठीं पैसा आहे तो घर घेऊं लागला म्हणजे किती विचार करतो, हें आपण सर्व जाणतों. खिडकी पूर्वेस असावी, म्हाताऱ्या आईला जिने चढावे लागूं नयेत, मुलांची शाळा जवळ असावी, शेजार बरा असावा, अशा दहा गोष्टींचा काथ्याकूट वर्षवर्ष चालतो आणि तो कोणालाहि अनाठायीं वाटत नाहीं. मात्र हाच मनुष्य झोपडपट्टीसंबंधीं बोलूं लागला कीं त्याची भाषा बदलते. स्वतःच्या बाबतींत 'आवड', 'सोय', 'शेजार' हे शब्द वापरणारा तो, दुसऱ्याच्या बाबतींत 'इतके चौरस फूट', 'इतके मजले', 'इतकीं कुटुंबें' अशा मापांनीं बोलतो. एकाची निवड असते, दुसऱ्याची गरज असते. आणि गरज मोजतां येते, म्हणून ती कोणीं परस्पर भागविली तरी चालते, असें एक गृहीतकृत्य त्याच्या मनांत ठाण मांडून बसलेलें असतें.

हें गृहीतकृत्य सर्वस्वीं चूक आहे असें मात्र म्हणतां येत नाहीं. घर ही चार भिंतींच्या आंतली खाजगी बाब असती तर प्रश्न सोपा होता. शहरांतलें घर तसें नसतें. एकाच्या मोरीचें पाणी दुसऱ्याच्या उंबऱ्याशीं येतें, एकाच्या चुलीची ठिणगी दुसऱ्याच्या छपरावर पडते, आणि एकाच्या कोंदट खोलींतला रोग दुसऱ्याच्या मुलाला गांठतो. मुंबईला हा धडा १८९६ सालीं मिळाला. त्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. आकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला आणि थोड्याच महिन्यांत शहर ओस पडूं लागलें. अधिकाऱ्यांनीं घरांत शिरून माणसें इस्पितळांत नेलीं, सामान जाळलें, उजेड आंत यावा म्हणून छपरें उघडीं केलीं. पुण्यांत हेंच काम ज्या रीतीनें झालें त्यांतून १८९७ च्या जूनमध्यें रँडचा वध झाला, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. रीत निंद्य होती. पण दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर समाजाला घरांत शिरण्याचा अधिकार पोंचतो, हें तत्त्व आम्ही मान्य करतों. शिरल्यावर त्यानें थांबावयाचें कोठें, एवढाच वाद आहे.

तेव्हांच्या कर्त्या मंडळींना हें थांबण्याचें ठिकाण सांपडलें नाहीं. १८९८ सालीं स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि समुद्राची हवा गांवांत खेळविली. पाडलेल्या घरांतलीं माणसें मात्र पुष्कळशीं पलीकडच्याच गल्लींत, आधींच भरलेल्या खोल्यांत जाऊन राहिलीं. कारण त्यांचा रोजगार त्याच भागांत होता. गर्दी नाहींशी झाली नाहीं, ती सरकली. पुढें १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी बांधल्या. बी. डी. डी. चाळी त्या ह्याच. सिमेंटकाँक्रीटच्या, मजबूत, प्रत्येक बिऱ्हाडास १६० चौरस फुटांची खोली. इतकें करूनहि पहिल्या कांहीं वर्षांत वरळीच्या कित्येक चाळी रिकाम्याच राहिल्या. भाडें परवडेना, गिरणी लांब पडे, आणि ती काँक्रीटची खोली माणसांना रुचेना. मजुरांना चांगल्याची पारख नाहीं, असा निष्कर्ष काढणें तेव्हां सोपें होतें. आपल्याला खोली कशी हवी हें मजुरांना कोणीं विचारलेंच नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत येणें अवघड होतें. पुढें त्याच खोल्यांत दहादहा माणसें राहिलीं, गॅलरीत सण साजरे झाले, गांवाकडच्या भावांनीं जाऊनयेऊन तेथेंच पथारी टाकली, आणि तीनचार पिढ्यांत त्या चाळी इतक्या आपल्या झाल्या कीं आतां त्या जाऊन उंच इमारती होऊं लागल्या तेव्हां मोठें घर मिळत असतांनाहि कित्येकांचा पाय निघेना. चाळी बांधल्या सरकारनें. त्यांचीं घरें केलीं तीं राहणारांनीं.

आपल्या भाषेंत 'घर करणें', 'बिऱ्हाड करणें' असे प्रयोग आहेत, ते उगाच नाहींत. जॉन टर्नर नांवाचा एक इंग्रज वास्तुशास्त्रज्ञ १९५७ पासून कांहीं वर्षें पेरू देशांत होता. तेथील शहरांच्या कडेला गरिबांनीं स्वतः उभारलेल्या वस्त्या पाहून, घर ही नाम नसून क्रिया आहे, असें त्यानें प्रतिपादिलें आणि पाश्चात्त्य विद्वानांना तें फार नवें वाटलें. मराठी माणसाला तें व्याकरणानेंच शिकविलेलें आहे. झोपडीचें घर कसें होतें तें पाहा. पहिल्या वर्षीं चार बांबू आणि ताडपत्री. दिवाळीला बोनस मिळाला तेव्हां पत्रे. भिशी लागली तेव्हां एका बाजूची वीट. मुलगा कामाला लागला तेव्हां पोटमाळा, आणि मुलीचें लग्न ठरलें म्हणून पाहुण्यांपुढें लाज नको यासाठीं लादी. बाहेरच्याला जें ओंगळ आणि अर्धवट दिसतें तें त्या कुटुंबाचें बँकेचें पुस्तक असतें. प्रत्येक विटेवर एक तारीख असते. पालिकेची गाडी येऊन झोपडी पाडते तेव्हां ही सगळी शिल्लक एका दुपारींत बुडते, आणि त्या नुकसानीची नोंद कोठल्याहि वहींत होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं ती जागा त्याची नव्हतीच. खरें आहे, परंतु ती जागा तरी काय होती? आणीबाणींत, १९७६ सालीं, जनता कॉलनी उठवून हजारों कुटुंबें चीता कँपला नेऊन टाकलीं, ती जागा खाडीलगतची दलदल होती. मातीचा आणि राडारोड्याचा भराव स्वतःच्या डोक्यावरून वाहून लोकांनीं ती राहण्यायोग्य केली. धारावीचा पुष्कळ भागहि असाच पाणथळ होता. आज ज्या जमिनीची किंमत ऐकून आपले डोळे विस्फारतात, तिला जमीनपण देण्यांत कोणाचे श्रम गेले, हा हिशेब कायद्याला करतां येत नसला तरी नीतीला टाळतां येत नाहीं.

१९८१ च्या जुलैंत मुख्यमंत्री अंतुले यांनीं पदपथांवरील बिऱ्हाडें उठवून त्या लोकांना आपापल्या गांवीं पाठविण्याची घोषणा केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ओल्गा टेलिस या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्याचा निकाल १९८५ सालीं लागला. न्यायमूर्ति यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानें असें मानलें कीं जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, आणि ही माणसें पदपथावर राहतात तीं काम तेथून जवळ आहे म्हणून. पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयानें कायमच ठेवला. नोटिस द्या, म्हणणें ऐका, एवढेंच बंधन घातलें. तरी त्या निकालांतली पहिली गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. गटाराशेजारीं राहणारा मनुष्य वेडा नाहीं, असें देशाच्या सर्वोच्च न्यायासनानें त्या दिवशीं लिहून ठेवलें. चार घरचीं धुणींभांडीं करणारी बाई पनवेलपलीकडच्या हवेशीर खोलींत राहूं लागली तर तिचीं दोन घरें सुटतील आणि उरलेल्या दोन घरांचा पगार गाडीभाड्यांत जाईल, हा हिशेब तिला बोटांवर येतो. तिची निवड दोन वाइटांतली निवड असते, हें कबूल. ज्या परिस्थितीनें तिच्यापुढें दोन वाइटच ठेवलें त्या परिस्थितीचा धिक्कार अवश्य करावा. पण म्हणून त्यांतलें एक वाईट पत्करण्यांत तिनें दाखविलेला विचार आपण क्षुद्र मानूं लागलों, तर तिच्यावर दुहेरी अन्याय होतो.

आतां चालू योजनेकडे वळूं. १९९५ सालीं मुंबईंतील ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरें देण्याचें आश्वासन निवडणुकींत दिलें गेलें आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालें. तिची युक्ति सुबोध आहे. झोपड्यांची जमीन बिल्डरला मोकळी करून द्यावयाची. त्यानें तिच्या एका कोपऱ्यांत उंच इमारत उठवून झोपडीवाल्यांना तींत फुकट घरें द्यावयाचीं. उरलेल्या जमिनीवर विकाऊ घरें बांधून खर्च व नफा काढावयाचा. फुकट घराचें माप आरंभीं २२५ चौरस फूट होतें, पुढें २६९ झालें, नंतर ३००. युक्ति बुद्धिमान असली तरी तीस वर्षांत आश्वासनाच्या निम्म्यापर्यंतहि ती पोंचली नाहीं; २०११ च्या जनगणनेंत मुंबईचे सुमारें ५२ लाख लोक, म्हणजे शेकडा ४२ च्या आसपास, झोपडपट्ट्यांतच मोजले गेले. पण संख्या हा आमचा मुख्य आक्षेप नव्हे. ज्या योजनेंत गरिबाला जितकी कमी जमीन दिली जाईल तितका देणाऱ्याचा नफा वाढतो, त्या योजनेंत गरिबाची इमारत शेजारच्या इमारतीला जाऊन चिकटावी, यांत नवल कसलें? मानखुर्दचें लल्लुभाई कंपाउंड बिल्डरच्या नफ्यासाठीं नव्हे, रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या कामांत उठविलेल्या लोकांसाठीं झालें. पण जमीन आंखडण्याची वृत्ति तेथेंहि तीच. इमारती इतक्या लगटून उभ्या कीं खालच्या मजल्यांवर दिवसा दिवा लावावा लागतो. अशा तीन वसाहतींची पाहणी डॉक्टरांनीं केली, ती २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. खालच्या, उजेड-वारा न मिळणाऱ्या मजल्यांवर क्षयाचा धोका अधिक, असें तींत दिसून आलें. प्लेगच्या वेळीं उजेडासाठीं ज्या शहरांत छपरें उघडलीं, त्याच शहरानें सुधारणेच्या नांवाखालीं नवा अंधार पक्क्या सिमेंटांत बांधून दिला.

आणि याविषयीं तक्रार कोणापुढें करावयाची? धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, असें आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळालेल्या घराची लिफ्ट बंद पडली, पाणी चढेना, जिन्यावर दिवा नाहीं, असें म्हणण्याची सोयच राहत नाहीं. दान घेणाऱ्याचें तोंड दान मिळण्याच्या क्षणींच बंद होतें, हा दानाचा जुना दोष आहे. वस्तुतः येथें दान कोणींच दिलेलें नाहीं. त्या घराची किंमत शेजारच्या विकाऊ इमारतींत सदनिका घेणाऱ्यानें मोजलेली असते. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या कुटुंबानें, वीस वर्षांच्या कर्जाच्या हप्त्यांनीं. 'यांना फुकट घरें आणि आम्हांला कर्ज' अशी जी कुरकुर आपल्या दिवाणखान्यांत चालते तिच्यांत म्हणून थोडें तथ्य आहे. पण तिचा रोंख चुकतो. आपण मोजलेले पैसे ज्याच्या नांवावर मोजले गेले त्याच्या हातीं काय आलें, आणि वाटेंत किती राहिलें, हा प्रश्न त्या दोन इमारतींमधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनीं एकत्र विचारला गेला पाहिजे. अद्याप तसा तो विचारला गेल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

संमति घेतात, असें उत्तर मिळेल. आरंभीं शेकडा ७० रहिवाशांची संमति लागे. पुढें ती ५१ वर आली. आणि धारावीसारख्या सरकारनेंच हातीं घेतलेल्या योजनेंत तीहि अट नाहीं. कुंभारवाड्यांतल्या कुंभाराचें घर म्हणजे त्याचें चाक, त्याची माती वाळविण्याचें अंगण आणि त्याची भट्टी. त्याला सातव्या मजल्यावर खोली देऊन 'तुझें घर सुधारलें' असें म्हणणें, म्हणजे शेतकऱ्याला शेताऐवजीं बाकावर बसविण्यासारखें आहे. त्यांतून पुन्हां ठराविक तारखेचा प्रश्न. १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० : या तारखेच्या आधींचा तो पात्र, नंतरचा तो अपात्र. कारभाराला कोठें तरी रेघ मारावी लागते, हें आम्ही जाणतों. तथापि एकाच भिंतीच्या दोन बाजूंस राहणाऱ्या, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन बायांपैकीं एकीला लाखोंची मालमत्ता आणि दुसरीला रस्ता, हा निवाडा एका रेशनकार्डावरच्या तारखेनें व्हावा, यांत न्याय कोठें आहे हें आम्हांस दिसत नाहीं. गरज ज्यानें मोजावयास घेतली त्याच्यावर शेवटीं असा कॅलेंडर मोजण्याचा प्रसंग येतो.

मग राहणाऱ्याच्या हातीं सारें सोडावें काय? याच मुंबईंत जागतिक बँकेच्या साहाय्यानें १९८५ पासून दुसरा एक प्रयोग झाला. चारकोप, गोराई येथें सरकारनें जमीन आंखून रस्ते, नळ, गटारें घातलीं आणि सुमारें २५ ते ४० चौरस मीटरांचे लहान लहान भूखंड चौकाभोंवतीं मांडून लोकांच्या सहकारी संस्थांना दिले. घर ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें चढवावें. आज चारकोपला जाणाऱ्यास ही गरिबांसाठीं आंखलेली वसाहत असें सांगितलें तर खरें वाटणार नाहीं. उलट पक्षीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं मूळच्या भूखंडवाल्यांपैकीं बऱ्याच जणांनीं ते विकले आणि अधिक ऐपतीचीं कुटुंबें तेथें आलीं. कराचींत ओरंगी नांवाची अवाढव्य वस्ती आहे. तेथें १९८० सालीं अख्तर हमीद खान यांनीं काम सुरूं केलें तें घरें बांधण्याचें नव्हे. वीसचाळीस घरांच्या एकेका गल्लीनें एकत्र येऊन आपल्या खर्चानें आपलें गटार घालावें, आणि तें ज्या मोठ्या नाल्यास मिळावयाचें तो सरकारनें बांधावा, अशी वांटणी त्यांनीं केली. हजारों गल्ल्यांत हें काम झालें. त्याच संस्थेच्या प्रमुख परवीन रहमान यांनीं शहराच्या कडेच्या जमिनींचे नकाशे करण्यास घेतलें, आणि २०१३ सालीं त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गटाराला कोणी आडवें येत नाहीं. जमिनीची नोंद मांडूं लागलें कीं येतात.

स्वावलंबनाची ही स्तुति ऐकून ज्यांना मनापासून आनंद होईल अशा मंडळींबद्दल आम्हांस थोडी धास्ती वाटते. गरीब आपलें आपण करतात, मग सरकारनें खर्च कशाला करावा, असा सोयीचा अर्थ त्यांतून निघूं शकतो आणि काढलाहि गेला आहे. मलबार हिलवरच्या रहिवाशाला स्वतःचें गटार खणावयास कोणी सांगितलेलें नाहीं. रात्रपाळी करून आलेल्या मनुष्यानें रविवारीं विटा वाहाव्या, यांत गौरव मानण्याचा अधिकार विटा न वाहणारास नाहीं. म्हणून रेघ कोठें मारावी हें आम्ही असें मानतों : जें एका कुटुंबाला कितीहि श्रमांनीं स्वतः करतां येत नाहीं, म्हणजे जमिनीची शाश्वति, पाणी, मैल्याची वाट, आगीचा बंब आंत येईल एवढा रस्ता, दोन इमारतींमधला उजेड, तें सर्व समाजानें पुरवावें, त्यांत संमतीची वा पात्रतेची अट घालूं नये आणि त्याला दान म्हणूं नये. भिंतीच्या आंतलें, आधीं काय आणि मागून काय, धंदा घरांत कीं घराबाहेर, शेजार कोणाचा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. आज बहुतेक ठिकाणीं नेमकें उलटें चाललें आहे. उजेड दिला जात नाहीं आणि लादी मात्र दिली जाते.

मुंबईंत आतां चारकोपसारखी मोकळी जमीन उरली कोठें, उंच बांधण्यावांचून गत्यंतर नाहीं, असा शेवटचा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाहीं. परंतु उंच इमारतींतहि निवडीला जागा नसते असें नाहीं. २००० सालाच्या आगेंमागें रेल्वेच्या रुळांलगतचीं हजारों कुटुंबें हलविलीं गेलीं, तेव्हां वस्तींतल्या संघटनांनीं स्वतः घरांची मोजणी केली, शेजाऱ्यांचे गट आधींच बांधले आणि कित्येक गट एकत्रच नव्या इमारतींत गेले. त्यांतल्या कांहींच्या नशिबीं लल्लुभाई कंपाउंडचा अंधार आला. शेजार त्यांना निवडतां आला, इमारतींमधलें अंतर निवडतां आलें नाहीं. एरवीं पुनर्वसनाच्या इमारतींत मजला आणि खोली सोडतीनें मिळते. तीस वर्षें समोरासमोर राहिलेलीं माणसें एक दुसऱ्या मजल्यावर आणि एक बाराव्यावर जातात. ही सोडत खोलीवार न काढतां गल्लीवार काढावी, एका गल्लीला एक मजला द्यावा आणि मजल्यावरची वांटणी त्या गल्लीनें आपसांत करावी, इतकें तरी उद्यांपासून करतां येण्यासारखें आहे. त्यास जमीन अधिक लागत नाहीं, बिल्डरचा पैसा खर्च होत नाहीं, कायदाहि फारसा बदलावा लागत नाहीं. आणि कामाला जातांना लहान मूल व घराची किल्ली शेजारणीच्या हवालीं करणाऱ्या बाईला नव्या घरींहि ती शेजारीण दाराशींच सांपडेल.